जहाजावर माणूसच नसेल तर अपघात थांबतील का? एका बत्ती साबचं उत्तर

प्रश्न असा आहे: "बहुतेक समुद्री अपघात माणसाच्या चुकीमुळे होतात असं वाचलं. मग जहाजं पूर्ण स्वयंचलित झाली की अपघात थांबतील ना? भाचा मर्चंट नेव्हीत जायचं म्हणतोय, पाठवावं का?"

भाच्याचं शेवटी सांगतो. आधी तुमच्या पहिल्या वाक्याचा समाचार घेतो, कारण तेच वाक्य माझ्या नावावर एका कंपनीच्या फायलीत पडून आहे.

मी अठरा वर्षं जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो. आमच्याकडे त्याला बत्ती साब म्हणतात. चीफ इंजिनिअर बडा साब, थर्ड तीन साब, फोर्थ चार साब. आणि बत्ती साब म्हणजे बल्ब उडाला की ज्याला हाक मारायची आणि एरवी ज्याचा पगार ऑफिसच्या डोळ्यात खुपतो तो. जहाजावर किमान किती माणसं हवीत ह्याचा जो दाखला असतो, त्यात बऱ्याच जहाजांना आमची सक्ती नसते. म्हणजे कपात करायची झाली की पहिली कुऱ्हाड कुणावर, ते सांगायला नको.

2013 सालची गोष्ट. कंटेनर जहाज, मलाक्काची सामुद्रधुनी, पुढे वन फॅदम बँकचं उथळ पाणी. रात्रीचे साडेनऊ. इंजिन रूममध्ये माणूस नाही. तशी पद्धतच आहे, काही बिघडलं तर ड्युटीवाल्याच्या केबिनमध्ये अलार्म वाजतो. मध्यरात्रीपासून खाली माणसं बसवायची असं ठरलं होतं. दोन जनरेटर जोडीने चालू, तिसरा तयारीत. डेकवर रीफर कंटेनर (थंड ठेवायच्या मालाचे, विजेवर चालणारे) भरपूर होते, म्हणून लोड जास्त, एकूण साधारण 2000 किलोवॉट. एका जनरेटरची ताकद 1700.

मी बंकवर पडून वाचत होतो. अलार्म नाही, फोन नाही, काही नाही. पण डोक्यावरचा दिवा श्वास घेत होता. दुसरा शब्द मला आजही सुचत नाही. लुकलुकत नव्हता. हळूच मंद व्हायचा, हळूच उजळायचा. मी पुस्तक छातीवर ठेवून मोजायला लागलो. वीस सेकंदांचा फेरा. पाच फेरे मोजले आणि बॉयलर सूट चढवून खाली उतरलो.

कंट्रोल रूममध्ये स्क्रीनवर सगळं हिरवं. पण स्विचबोर्डवरचे जुने काट्याचे मीटर बघितले तर एक नंबर 1150 वर, दोन नंबर 850 वर. दहा सेकंदांनी एक नंबर 850, दोन नंबर 1150. दोघं झोपाळ्यावर बसल्यासारखे. बेरीज कायम 2000, म्हणून जनरेटरमध्ये लोड वाटणाऱ्या कॉम्प्युटरला काही वावगं दिसत नव्हतं. त्याला मर्यादा दिलेल्या असतात, आणि दोन्ही आकडे मर्यादेच्या आत होते. तो जो दर वेळी दुरुस्ती करायला जात होता, त्यानेच हेलकावा वाढत होता. मी बघत असताना 1150 चे 1200 झाले.

बडा साबला फोन लावला. केरळचा माणूस, फार बोलायचा नाही. म्हणाला, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, ऑटो काढतो, तीन नंबर हाताने घेतो, दोन नंबर सोडवतो. ऑटोवरच ठेवून तीन नंबर घेतला असता तर त्या शहाण्याने तिघांना झोपाळ्यावर बसवलं असतं. तो म्हणाला, "कर, मी येतो." मी स्विच मॅन्युअलला टाकला. लगेच वर ब्रिजवर अलार्म. लगेच कप्तानाचा फोन. मी उचलला नाही, कारण एक हात सिंक्रोस्कोपवर (नवा जनरेटर चालू असलेल्यांशी जुळला की नाही ते दाखवणारा मीटर) आणि दुसरा गव्हर्नरच्या, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राच्या, स्विचवर होता. हे पुढे माझ्याविरुद्ध लिहिलं गेलं.

तीन नंबर लागला. आता दोन नंबरचा लोड उतरवत 600 वर आणला होता, तेवढ्यात त्याचा ब्रेकर, म्हणजे त्याला जोडणारा मोठा स्विच, आपण होऊन उडाला. हा आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको, लोखंडी दार कुणीतरी लाथेने बंद केल्यासारखा असतो. दिवे क्षणभर बसले आणि परत आले. एक आणि तीनने ओझं उचललं. सुकाणूच्या मोटरी चालूच राहिल्या. वर सुकाणीला काही कळलंसुद्धा नाही.

मी ब्रेकर उडायच्या दोन मिनिटं आधी पोचलो नसतो तर सगळे 2000 किलोवॉट 1700 च्या एकट्या एक नंबरवर पडले असते.

सकाळी गव्हर्नरचं पॅनेल उघडलं. लोड वाटून घ्यायच्या सिग्नलची तार टर्मिनलमध्ये नीट बसलेली दिसत होती. स्क्रू घट्ट. बोटाने हलकं ओढलं तर तार हातात आली. स्क्रू तांब्यावर आवळलेलाच नव्हता, तारेच्या नंबराची जी प्लास्टिकची नळी असते तिच्यावर आवळला होता. जहाज बांधलं तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, ती तार नुसती टेकून उभी होती.

आता ऑफिस. तिसऱ्या दिवशी सुपरिंटेंडंट साहेबांचा सॅटेलाइट फोन. पहिलंच वाक्य: "सिस्टिमने सांभाळलं असतं. तू हात का घातलास?" मी तार सांगितली. ते म्हणाले, तार वेगळी, प्रोसिजर वेगळं. अरुंद पाण्यात कप्तानाच्या परवानगीशिवाय पॉवर मॅनेजमेंट, म्हणजे तोच कॉम्प्युटर, मॅन्युअलला टाकणं हा नियमभंग. अहवालाच्या फॉर्ममध्ये 'मूळ कारण' म्हणून एक रकाना असतो, त्यात आधीच ठरवलेले पर्याय. साहेबांनी निवडला: ह्यूमन एरर. सैल तार 'इतर निरीक्षणं' मध्ये गेली. वर्षअखेरच्या शेऱ्यात माझ्या नावापुढे 'घाईने निर्णय घेतो' असं आलं.

तर तुम्ही जे वाचलंत ना, 75 टक्के, 96 टक्के अपघात माणसामुळे, जे आकडे जिथेतिथे फिरतात, त्यांच्यात असे रकाने भरलेले आहेत. आणि दिवा श्वास घेतोय म्हणून चप्पल शोधत खाली पळालेल्या माणसामुळे जे घडलंच नाही, त्याला रकानाच नाही. माणूस काढून टाकला तर त्याच्या चुका जातील हे कबूल. त्याने रोज निस्तरलेल्या यंत्राच्या चुका कुठे जातील, ते आधी सांगा.

'डाली' आठवत असेल. 26 मार्च 2024, बाल्टिमोर. जवळजवळ 300 मीटरचं कंटेनर जहाज, बहुतेक खलाशी आपलेच भारतीय. बंदरातून निघाल्यावर वीज गेली, आली, परत गेली, आणि जहाज जाऊन फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं. पुलावर रात्री खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले. दुसऱ्या दिवसापासून टीव्हीवर सायबर हल्ल्यापासून घातपातापर्यंत काय काय चाललं होतं. अमेरिकेच्या तपास मंडळाने दीड वर्षाहून जास्त खपून नोव्हेंबर 2025 मध्ये कारण सांगितलं: एक सैल तार. तिच्यावरची लेबलची पट्टी अशी बसवली होती की तार टर्मिनलच्या क्लॅम्पमध्ये पूर्ण शिरलीच नव्हती.

ते वाचलं त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोला वाटलं बीपी वाढलं.

आणि त्याच रात्री पुलावरचे बाकीचे लोक वाचले कसे? पायलटने, म्हणजे बंदरातून जहाज बाहेर काढणाऱ्या वाटाड्याने, वेळेत रेडिओवरून कळवलं, किनाऱ्यावरच्या माणसाने पुढे सांगितलं, पोलिसांनी दोन्ही बाजूंची वाहतूक अडवली. मिनिटा-दीड मिनिटाचा खेळ. वीज गेलेल्या, माणूस नसलेल्या जहाजाने कुणाला फोन लावला असता?

लोक म्हणतात ऑटोमेशन सुरक्षितता देतं. कुणाची सुरक्षितता, हे विचारत नाहीत. 'व्हायकिंग स्काय' हे प्रवासी जहाज 23 मार्च 2019 ला नॉर्वेच्या किनाऱ्यालगत वादळात होतं. वर 1373 माणसं. जनरेटरच्या तळातलं लुब्रिकेटिंग ऑइल हवं त्यापेक्षा कमी भरलेलं. जहाज झुलायला लागल्यावर पंपाने तेलाऐवजी हवा ओढली, प्रेशर पडलं, आणि इंजिनं एकामागून एक आपोआप बंद झाली. यंत्रणेने तिचं काम चोख केलं, बेअरिंग वाचवली. जहाज मात्र खडकांकडे वाहत निघालं. नांगर टाकून, हाताने इंजिनं परत चालू करून लोकांनी ते थोडक्यात वाचवलं. साडेचारशेहून जास्त प्रवासी हेलिकॉप्टरने उचलावे लागले. बेअरिंग जळालं तरी चालेल पण आत्ता बंद पडू नकोस, हे मशीनला सांगायला माणूसच लागतो.

माणसाचा मेंदू आळसावतो हेही खरं, आणि त्याचं जुनं उदाहरण 'रॉयल मॅजेस्टी'. जून 1995, बर्म्युडाहून बोस्टनला जाणारं क्रूझ जहाज. बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची केबल निसटली. (परत केबल. मी काही मुद्दाम शोधत नाही.) जीपीएस गपचूप अंदाजाने जागा मोजायला लागलं आणि पडद्यावर 'डीआर' अशी दोन बारीक अक्षरं दाखवत राहिलं. ऑटोपायलटने ते प्रमाण मानलं. सुमारे 34 तास ब्रिजवर माणसं येऊन-जाऊन पहारा देत होती. नॅन्टकेटजवळ वाळूवर चढलं तेव्हा जहाज ठरल्या वाटेपासून 17 सागरी मैल बाजूला होतं. अपेक्षित बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) दिसली की नाही हे कुणी डोळ्यांनी ताडून बघितलं नाही. इथे माणसं होती, पण त्यांना पडद्याने बसवून ठेवलं होतं. 'देखरेख करणारा माणूस' हे पद मला म्हणूनच पटत नाही. चौतीस तास सगळं हिरवं दिसल्यावर पस्तिसाव्या तासाला कोण जागा राहतो?

आता तर केबल निसटायचीही गरज नाही. जून 2017 मध्ये काळ्या समुद्रातल्या वीसेक जहाजांचं जीपीएस ती विमानतळावर उभी आहेत असं दाखवत होतं. जीपीएस जाम करणं, खोटे सिग्नल देणं हे तांबड्या समुद्रात, होर्मुझजवळ आता नेहमीचं झालंय. आमच्या एका सेकंड मेटची तिथली युक्ती साधी होती. रडारवर किनारा दिसतोय ना, त्यावरून जागा काढ, आणि नकाशावरचं छोटं जहाज जिथे नाचायचं तिथे नाचू दे.

किनाऱ्याचंही तेच. जून 2017 मध्येच मर्स्क ह्या मोठ्या जहाज कंपनीवर संगणक व्हायरसचा हल्ला झाला तेव्हा आपल्या न्हावा-शेव्यातलं त्यांच्या गटाचं टर्मिनल ठप्प झालं होतं. काम हाताने चालवायचा प्रयत्न झाला. पण हाताने चालवायला आधी हाताला ते काम माहीत असावं लागतं. कोणता कंटेनर कुठे ठेवायचा हे कागदावर मांडणारे जुने टॅली क्लार्क कधीच घरी गेले.

स्वयंचलित जहाजं येणारच नाहीत असं मी म्हणत नाही. नॉर्वेत 'यारा बिर्कलँड' 2022 पासून चालतंय. विजेवर, 120 कंटेनरचं, खाडीतल्या काही मैलांच्या वाटेवर. चांगली गोष्ट आहे. पण सुरुवात तिथेही माणसं ठेवूनच केली. 'मेफ्लॉवर' नावाची बिनमाणसाची बोट 2021 मध्ये अटलांटिक ओलांडायला निघाली आणि यांत्रिक बिघाडाने परत आणावी लागली. पुढच्या वर्षी गेली, पण वाटेत अझोर्सला दुरुस्तीला थांबून, आणि अमेरिकेऐवजी कॅनडातल्या हॅलिफॅक्सला लागली. म्हणजे रस्ता शोधणारा मेंदू तयार होता, पाना-पक्कड धरणारा हात नव्हता. ह्या जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय नियमावली बनतेय, आधी ऐच्छिक, मग 2032 पासून बंधनकारक करायचा बेत आहे. समुद्रावरच्या टक्कर टाळण्याच्या नियमांतला पाचवा नियम मात्र अजून तोच आहे: डोळ्यांनी आणि कानांनी पहारा द्या, शिवाय हाताशी जे जे साधन असेल ते वापरा.

हे मला फार जवळचं आहे, कारण माझा मामा रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याचा मच्छीमार. ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाली की रत्नागिरीच्या समोर रात्री नुसती दिव्यांची जत्रा असते. लाकडी होड्या रडारवर धड दिसत नाहीत. कित्येकांकडे ओळख देणारं यंत्र नाही, असलं तर बंद. मोठं जहाज अंगावर यायला लागलं की मामा बॅटरीचा झोत त्याच्या ब्रिजवर फिरवतो. आणि आई-बहिणीवरून शिव्या देतो, त्या अर्थात पोचत नाहीत. तो झोत बघून सुकाणू वळवणारा कुणीतरी पोरगा आतापर्यंत वर उभा असायचा. कॅमेरा तो झोत ओळखेल म्हणतात. ओळखेलही. पण नाही ओळखला तर मामाने कुणाच्या दारात जायचं, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

आता थोडं माझ्याच विरुद्ध, नाहीतर खाली कुणीतरी लिहीलच.

एक, 'वाकाशिओ'. जुलै 2020, मॉरिशस. चांगलंभलं जहाज मोबाईलची रेंज मिळावी म्हणून किनाऱ्याजवळ नेलं आणि प्रवाळावर चढवलं. वर वाढदिवसाची पार्टी झालेली. खाडीत तेलच तेल. मशीनला रेंज नको असते, वाढदिवसही नसतो.

दोन, 'डाली'मध्येच एका ट्रान्सफॉर्मरवरून दुसऱ्यावर जायची व्यवस्था मॅन्युअलवर ठेवलेली होती. ऑटोवर असती तर पहिल्यांदा गेलेली वीज लवकर परत आली असती. आणि जनरेटरला इंधन देण्यासाठी जो पंप वापरात होता, तो वीज गेल्यावर आपण होऊन परत सुरू न होणारा, खरं तर दुसऱ्याच कामाचा. सोय म्हणून कुणीतरी माणसानेच ती पद्धत पाडली होती. त्यामुळेच दुसऱ्यांदा वीज गेली.

तीन हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या मलाक्काच्या रात्रीनंतर चार दिवसांनी, सगळे जेवायला गेल्यावर, मी प्रेफरेन्शियल ट्रिप तपासली. जनरेटरवर ओझं जास्त झालं तर बिनमहत्त्वाचा लोड आपोआप तोडणारी व्यवस्था. सुपरिंटेंडंट साहेब "सिस्टिमने सांभाळलं असतं" म्हणत होते ते हिच्याच भरवशावर. रीफरला वीज देणारे दोन फीडर तुटायला हवे होते. एक तुटला. दुसऱ्याची कॉइल जळलेली होती. म्हणजे त्या रात्री सिस्टिमने सांभाळलं नसतं, बहुधा ब्लॅकआउटच झाला असता. मी जिंकलो होतो. फक्त ही चाचणी दर तीन महिन्यांनी करून सही करायची असते, आणि मागच्या खेपेची सही माझी होती. रीफर भरलेले, चीफ मेट कटकट करणार, म्हणून मी एकच फीडर तपासून दोन्हींपुढे टिक केली होती. कॉइल बदलली, लॉगमध्ये 'रूटीन' लिहिलं आणि गप्प बसलो. साहेबांनी रकाना बरोबर निवडला होता, कारण मात्र चुकीचं लिहिलं.

तरीसुद्धा माझं म्हणणं तेच. साहेब, तुम्ही आता निवृत्त झालात आणि 'मानवविरहित जहाजं आणि सुरक्षितता' ह्यावर भाषणं देता, माझ्या फोनवर येतात. 'डाली'चा अहवाल उघडा आणि तारेच्या लेबलाचा भाग वाचा. जहाजावर हजारो टर्मिनल असतात. त्यातलं प्रत्येक कधी ना कधी बोटाने ओढून बघावं लागतं. तो बत्ती साब तुम्ही पुढच्या तीन जहाजांवरून काढलात. त्याचं काम चार साबला दिलंत, ज्याचं स्वतःचं काम संपत नव्हतं. ऑटोमेशन वाढवायचं आणि ते समजणारा एकुलता एक माणूस उतरवायचा, ही बचत मला तेव्हाही कळली नाही.

हां, भाचा. जाऊ दे. डिप्लोमा किंवा डिग्री इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सची असेल तर ईटीओचा, म्हणजे बत्ती साबच्याच कामाचा, चार महिन्यांचा कोर्स बघा, डीजी शिपिंगची (जहाजांचं सरकारी खातं) मान्यता असलेल्या संस्थेतच, आणि "जॉइनिंग गॅरंटी" म्हणून लाखो मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. जहाजं जितकी आपोआप चालतील तितके बत्ती साब लागतील, जहाजावर नाहीतर किनाऱ्यावर. त्याला एक चांगला टर्मिनल स्क्रू-ड्रायव्हर घेऊन द्या, जपानी असला तर उत्तम. आणि सही करायच्या आधी दोन्ही फीडर तपास म्हणावं.

एजंट, परीक्षा, मेडिकल ह्याबद्दल विचारायचं असेल तर खाली लिहा. उत्तर आठवड्याने देईन, शिमग्याला गावी चाललोय आणि तिथे रेंज नसते.